कैफियत दबल्या खोक्याची

श्री.

हकीकत लिहावयास कारण ऐसे जे, राजश्री तपासनीससाहेब यांनी संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानावर जी स्वारी केली, आणि सहा दिवस मोर्चे लावून जो जिन्नस छापील भावाच्या खाली पाडिला, त्या मोहिमेविषयी लोकांत नाना तऱ्हेच्या वावड्या उठल्या. कोणी म्हणतात साहेबांनी दुकानदारास जेरीस आणिले, कोणी म्हणतात दुकानदाराने साहेबांस. आणि साहेबांचे मेहुणे तर चहाच्या प्रत्येक पेल्यागणिक निराळीच हकीकत सांगतात आणि त्या प्रत्येक हकीकतीत मेहुणेच आघाडीस असतात. सबब जे घडले ते घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लाविता, येथे कलमबंद केले आहे. वाचणारांनी उणेअधिक पोटात घालावे, मात्र हसू आलियास दाबून ठेवू नये, कारण दाबण्याने काय होते तेच पुढे सांगावयाचे आहे.

तपासनीससाहेब हे साबणाच्या कारखान्यातील पॅकिंग खात्याचे जुने, जाणते आणि जबर तपासनीस. पट्ट्यावरून खोका समोर आला की साहेब त्याच्या कोपऱ्यांस उजव्या हाताचा अंगठा लावीत, आणि कोपरा तसूभर जरी आत गेला तरी खोका बाद म्हणून बाजूस काढीत. ऐसी सत्तावीस वर्षे चाकरी झाल्यामुळे तो अंगठा रुंद, चपटा आणि ज्ञानी जाहला होता, आणि कारखान्यात माघारी त्यांस अंगठेबहाद्दर म्हणत. किती दाबाने पुठ्ठा वाकतो आणि आतला माल शाबूत राहतो, हे त्या अंगठ्यास जितके ठाऊक तितके पुठ्ठा करणारासही नव्हते. साहेबांचा दुसरा लौकिक हा की त्यांनी उभ्या हयातीत कोणत्याही वस्तूस छापील भाव दिला नव्हता. घरातील पंखा, पलंग, बाईसाहेबांचे शिवणयंत्र, स्वतःच्या नाकावरचा चष्मा, सर्व काही घासाघीस करून आणिलेले. आणि खुर्ची कितीला पाडिली ही हकीकत सांगून झाल्याखेरीज साहेब पाहुण्यांस त्या खुर्चीवर बसू देत नसत. त्यामुळे पुष्कळ पाहुणे उभ्याउभ्याच येऊन जात.

या साहेबांस एकुलती एक लेक. चित्रकलेच्या मोठ्या शाळेत दाखल व्हावे ही तिची उमेद, आणि त्या शाळेचे फर्मान ऐसे की उमेदवाराने स्वहस्ते केलेले चाळीस सेकंदांचे हलते चित्र शनिवारी सायंकाळी पाचाच्या आत धाडावे. पाचावर एक मिनिट गेले की दरवाजा बंद, आणि मग वर्षभर बाहेर बसावे. लेकीने त्या चाळीस सेकंदांवर दहा महिने खर्ची घातले होते. चित्रात काय आहे ते कोणास सांगत नसे, पुरे झाल्यावर दाखवीन म्हणे. आणि पुरे होण्यास थोडकेच उरले असता, रविवारी तिसरे प्रहरी, संगणकाने एक उचकी दिली, जळक्या रबराचा वास सुटला आणि पडदा काळा पडला.

बखरकारास संगणकाच्या पोटातला भूगोल ठाऊक नाही. जाणते सांगतात की त्यात एक लोखंडी पेटी असते, ती भिंतीतली वीज घेऊन ज्याच्या त्याच्या वाट्याची ज्याला त्याला देते, तिजला पॉवर सप्लाय म्हणतात, आणि ती गेली की बाकीचे शहाणे भाग नुसते बसून राहतात. लेकीने यंत्राचा पत्रा उघडून वास घेतला आणि निदान केले.

"पॉवर सप्लायच गेलाय. बाकी सगळं शाबूत आहे. नवा आणला की अर्ध्या तासाचं काम."

"मग उद्याच आणा ना हो," बाईसाहेब म्हणाल्या. "तिचे सहाच दिवस राहिलेत."

"आणू की. पण दुकानदार म्हणेल त्या भावाला नाही."

हे बोलून साहेब उठले आणि त्यांनी घरात हुकूम जारी केला तो येणेप्रमाणे: यंत्रास कोणी हात लावू नये, त्यावर चादर घालून ठेवावी, जिन्नस आम्ही आणू आणि आम्हीच बसवू, घरातील मंडळींनी निश्चिंत असावे. लेक काही बोलणार तो बाईसाहेबांनी तिला डोळ्याने खुणावले, आणि लेक गप्प राहिली. साहेबांनी तो गप्पपणा आपल्या हुकमतीच्या खाती जमा धरिला.

मग मसलतीस मेहुण्यांस पाचारण केले. मेहुणे म्हणजे बाईसाहेबांचे धाकटे बंधू, धंद्याने विम्याचे दलाल, आणि संगणकातले आपल्याला सगळे कळते असे त्यांचे स्वतःचे मत. त्यांची खरी करामत ही की एकदा बोलावयास लागले की समोरच्यास जागचे हलता येत नसे. विमा विकता विकता हे अस्त्र त्यांस साधले होते. सोमवारी कारखाना सुटताच उभयतांनी कूच केले, आणि दरमजल चालत, वाटेत दोन वेळा चहाचा मुक्काम करून, दिवेलागणीस दुकानापाशी दाखल जाहले.

ते दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक लांबट, अरुंद किल्ला. दारात मोकळ्या खोक्यांचा ढीग, तो ओलांडिल्याखेरीज आत शिरकाव नाही. दोन्ही अंगांस छतापावेतो फळ्या, त्यांवर मदरबोर्ड, पंखे, मेमरीच्या पट्ट्या, कीबोर्ड आणि नाना रंगांच्या वायरी. आणि पार शेवटी काचेच्या गल्ल्यामागे खासा किल्लेदार, चष्मा कपाळावर चढवून आणि बारीक स्क्रूड्रायव्हर कानावर ठेवून बसलेला. त्याच्या अंगचे दोन दस्तूर सांगणे जरूर आहे. एक हा की विकलेल्या जिनसाच्या पत्र्यावर तो काळ्या शाईने तारीख आणि घेतलेला भाव स्वहस्ते लिहीत असे, कारण गिऱ्हाइके पावत्या हरवितात आणि मग वॉरंटीसाठी भांडावयास येतात. दुसरा हा की गल्ल्याशेजारी एक टोपली ठेविलेली, आणि तिजवर पाटी: खोका दबलेला माल, तीस टक्के सूट, परत घेतला जाणार नाही.

साहेबांनी ती पाटी दोन वेळा वाचिली, आणि वाचता वाचता त्यांच्या उजव्या अंगठ्यास आपोआप कंप सुटला.

यंत्राची बनावट सांगून, त्यास लागतो तसला पॉवर सप्लाय आहे काय, ऐसे मेहुण्यांनी सहज विचारिल्यासारखे विचारिले. किल्लेदाराने मधल्या फळीकडे बोट केले.

"तुमच्या मशीनला लागतो तसला एकच उरलाय. दोन होते. दुपारीच एक गेला, छापील भावाला. गिऱ्हाइकाने चकार शब्द काढला नाही हो, पैसे मोजले आणि निघून गेलं. अशी माणसं हल्ली कुठे मिळतात!"

हे ऐकून साहेबांस मनस्वी खेद जाहला. जगात ऐसीही गिऱ्हाइके आहेत की जी दुकानात शिरून, छापील भाव देऊन, मान खाली घालून चालती होतात; त्यांच्या आईबापांनी त्यांस काय शिकविले असेल, आणि घरी गेलियावर ती कोणते तोंड दाखवीत असतील, ऐसे ते परतीच्या वाटेवर मेहुण्यांस कितीक वेळ बोलत होते. जिनसाचा भाव मात्र त्यांनी त्या दिवशी विचारिला नाही, आणि लेबलाकडे ढुंकूनही पाहिले नाही. पहिल्या भेटीस भाव विचारणे म्हणजे आपली गरज शत्रूस कळविणे, हा त्यांचा युद्धनियम होता, आणि तो त्यांनी आजवर कधी मोडिला नव्हता.

मसलत ठरली ती ऐसी. खोका टोपलीत जावा म्हणून तो दबला पाहिजे, आणि तो दबावा ऐसा की कोणी दाबिला हे कळू नये. सबब रोज थोडथोडा, एकाच कोपऱ्यास, वजन पडून बसला आहे ऐसे दिसेल या बेताने दाबावा, आणि तेवढा वेळ मेहुण्यांनी किल्लेदारास बोलण्यात गुंतवावे. सत्तावीस वर्षे जे पाप पकडण्याचा पगार खाल्ला तेच पाप आता आपण करणार, हा विचार साहेबांच्या मनास शिवला खरा, परंतु तीस टक्के हा आकडा त्या विचाराहून आकाराने मोठा होता. लेकीचे सहा दिवस त्या हिशेबात कोठेच नव्हते, हेही येथे लिहून ठेविले पाहिजे. साहेबांचे लेकीवर प्रेम नव्हते ऐसे नाही, बहुत होते. पण प्रेम आणि घासाघीस ही त्यांच्या डोक्यात दोन निराळ्या खोल्यांत राहत, आणि मधले दार वर्षानुवर्षे उघडलेले नव्हते.

मंगळवारी पहिला मोर्चा लागला. मेहुण्यांनी गल्ल्यावर कोपरे टेकून प्रोसेसर गरम का होतो येथपासून प्रारंभ केला, आणि मग ते किल्लेदाराच्या हृदयविकाराच्या संभवावर आले, आणि मग विम्यावर. इकडे साहेब फळीशी उभे राहून, नजर छताकडे लावून, अंगठा कोपऱ्यास भिडवून सावकाश दाबते जाहले. पुठ्ठा चांगला जाड होता. केसभर वाकला, आणि साहेबांच्या कपाळी घाम आला.

परतताना मेहुण्यांनी एक गुप्त खबर दिली. किल्लेदाराच्या मागे भिंतीवर लहानसा पडदा आहे, त्यात दुकानच दिसते, आणि त्यात कोणी एक टकला इसम फळीशी उभा राहून संशयास्पद हालचाली करीत होता.

"चोर असणार. जपून राहा, दाजी," मेहुणे म्हणाले.

साहेबांनी टकलावरचा घाम पुसला, दुकानात उकाड्याने काढिलेली टोपी परत घातली, आणि लोक किती अप्रामाणिक जाहले आहेत याविषयी हळहळ व्यक्त केली.

बुधवारी मोहिमेवर मोठेच संकट गुदरले. साहेब फळीपाशी पोचतात न पोचतात तो एका परक्या गिऱ्हाइकाने तोच खोका उचलिला आणि गल्ल्याकडे चालू लागला. दोन दिवसांचा पराक्रम परक्याच्या पिशवीत जातो हे पाहून साहेबांच्या तोंडून कारखान्यातला जुना आवाज आपोआप निघाला.

"ठेवा तो. बाद माल आहे."

त्या आवाजात सत्तावीस वर्षांची जरब होती. गिऱ्हाइकाने खोका मुकाट्याने जागेवर ठेविला, साहेबांस साहेब म्हणाला, आणि नुसता माऊस घेऊन निघून गेला. किल्लेदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन साहेबांकडे क्षणभर पाहिले, परंतु मेहुण्यांनी त्यास विम्याच्या तिसऱ्या हप्त्यात ओढून परत बसविले. त्या दिवशी कोपरा अर्धा बसला.

घरी काय चालले होते तेही सांगतो. लेक शांत होती. इतकी शांत की साहेबांस कौतुक वाटे, आणि बापावर पोरीचा केवढा भरवसा म्हणून ते बाईसाहेबांस ऐकवीत. रोज सायंकाळी स्वारी दाराशी आली की आत थोडी धावपळ ऐकू येई, आणि दार उघडताच लेक हातात पुस्तक धरून बसलेली दिसे. गुरुवारी साहेबांनी यंत्राची विचारपूस करावी म्हणून चादरीवर हात ठेविला, तो यंत्र कोमट.

"हे गरम कसं?"

"दुपारचं ऊन येतं तिथे," बाईसाहेब शिवणातून डोके वर न काढता म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात घर बांधल्यापासून ऊन आलेले नव्हते. परंतु साहेबांचे चित्त दुकानाच्या फळीवर होते, आणि ज्याचे चित्त दूरच्या किल्ल्यावर असते त्यास घरचे ऊन कोठून येते ते कळत नाही. त्यांनी मान हलविली आणि पुठ्ठ्याच्या जाडीवर बोलू लागले.

शुक्रवारी किल्ल्याचा बुरूज ढासळला. साहेबांनी अखेरचा दाब दिला, कोपरा नकट्या नाकासारखा आत गेला, आणि ते मागे सरून वायरी पाहू लागले. मग साहेबांनी हाक मारून किल्लेदारास कळविले की आपला एक खोका दबलेला दिसतो, उगाच नजरेस पडला म्हणून सांगतो. किल्लेदार आला, त्याने खोका हातात फिरविला, आणि तो चुकचुकला.

"अरेरे. कोपरा गेला की हो याचा! हल्ली पुठ्ठाच धड येत नाही."

आणि त्याने तो खोका, फार दुःख झाल्यासारखा चेहरा करून, टोपलीत ठेविला.

आता कोणीही शहाणा पुरुष जिन्नस घेऊन घर गाठता. परंतु टोपलीत पडताच उचलणे म्हणजे अधीरपणा दाखविणे, आणि अधीर गिऱ्हाइकास दुसरी सूट मिळत नाही. सबब साहेबांनी तीसावर आणखी पाच टक्के मागितले, किल्लेदाराने नकार दिला, साहेबांनी पाठ फिरविली, आणि हाक येईल म्हणून दारापर्यंत फार हळू चालत गेले. हाक आली नाही. घरी बाईसाहेबांनी ताट वाढताना एवढेच म्हटले:

"उद्या शनिवार आहे. पाचपर्यंतच वेळ आहे तिला."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले, आणि त्या रात्री त्यांस जेवण नीट गेले नाही. प्रथमच त्यांस भय वाटले. खोका गेला तर, आणि पाच वाजले तर, हे दोन्ही तर त्यांच्या छातीवर येऊन बसले.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. साहेब भोंगा होताच धावले, मेहुण्यांस वाटेत उचलिले, आणि दुपारी दोनाच्या सुमारास दुकान गाठिले. खोका टोपलीत होता. त्यावरचे लेबल त्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदा वाचिले, तीस टक्के वजा केले, आणि आनंदाच्या भरात पैसे मोजून दिले. लेबल अंगठ्यास जरा जाड लागले, पण अंगठ्याचे ऐकावयास त्या दिवशी साहेबांस सवड नव्हती. किल्लेदाराने दस्तुराप्रमाणे पेटी बाहेर काढून पत्र्यावर तारीख आणि भाव लिहिला, पेटी परत खोक्यात घातली, आणि हात जोडून निरोप दिला. फत्ते जाहली. मेहुणे रस्त्यात मोठ्याने जाहीर करू लागले, तेव्हा साहेबांनी त्यांस आवरिले आणि बेकरीकडे बिस्किटे आणावयास पिटाळिले.

घरी कोणी नव्हते. स्वारी चारापूर्वी येत नाही या अदमासाने लेक आणि बाईसाहेब शिवलेले कपडे पोचवावयास गेल्या होत्या. साहेबांनी बाह्या सारल्या, चादर काढिली, स्क्रू सोडविले, पत्रा बाजूस केला, आणि आत पाहिले.

आत नवीकोरी पेटी बसलेली होती. तिच्या पत्र्यावर काळ्या शाईत, किल्लेदाराच्या वळणदार हस्ताक्षरात, तारीख होती सोमवारची.

साहेब गुडघे टेकून आसपास धुंडू लागले. जुनी जळकी पेटी टेबलाखाली फडक्यात गुंडाळलेली सापडली, शेजारी चार स्क्रू वाटीत काढून ठेविलेले. म्हणजे आपण येण्यापूर्वी ती परत जागेवर बसवायची होती हे त्यांस कळले. त्यांनी बटण दाबिले. यंत्र लगेच जागे जाहले, आणि पडद्यावर शाळेचा निरोप उभा राहिला: आपले चित्र मिळाले, शनिवार, सकाळी दहा वाजून चार मिनिटे.

मग त्यांनी पेटीवरचा भाव वाचिला. आणि मग आपल्या खोक्यातली पेटी काढून तिजवरचा वाचिला. दोन्ही आकडे एकच, पैशाचाही फरक नाही. साहेबांनी खोक्याच्या लेबलाच्या कडेस अंगठ्याचे नख लाविले, लेबल उचलिले, आणि त्याखाली निघाले जुने लेबल, त्यावर तोच आकडा. किल्लेदाराने मंगळवारी पडद्यात टक्कल पाहिले होते आणि भाव आधी चढवून मग उतरविला होता. सहा दिवसांचा वेढा, दोन माणसे, अगणित चहा, आणि हाती आला तो छापील भाव.

परंतु बखरकारास खरे सांगणे भाग आहे की साहेबांस त्या आकड्याचे दुःख फार वेळ जाहले नाही. त्यांच्या कानात दाराशी ऐकलेली ती रोजची धावपळ घुमत होती. बापाचे पाऊल वाजले की पोरीने दहा महिन्यांचे काम बंद करावे, चादर ओढावी आणि पुस्तक उघडून बसावे. लहानग्यांस चित्रे शिकवून साठविलेले पैसे चकार शब्द न काढता मोजावे. आणि हे सर्व बापाची मोहीम मोडू नये म्हणून करावे. त्या गिऱ्हाइकाच्या आईबापांनी त्यास काय शिकविले असेल, हे आपणच रस्त्यात बोललो होतो, ते साहेबांस आठविले. त्यांस लाज वाटली. ऐसी लाज की कान तापले आणि डोळे भरून आले.

मग त्यांनी यंत्र बंद केले, पत्रा लाविला, त्याचे सोडविलेले स्क्रू परत पिळले, जुनी पेटी फडक्यात होती तैसी गुंडाळिली, चादर घातली आणि खोका मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळाने दोघी दारात आल्या, आणि खुर्चीत साहेबांस पाहून दोघींचे चेहरे उतरले.

"बाबा! तुम्ही लवकर आलात? मी बसवते हं, तुम्ही उठू नका."

"तूच बसव," साहेब म्हणाले. "माझे अंगठे जाड. त्या बारीक स्क्रूंना नाही जमत."

हुकूम मागे घेतलेला त्या घराने प्रथमच पाहिला. लेक खोका घेऊन यंत्रासमोर पाठमोरी बसली, पत्रा काढला, काही वेळ खुडबुड केली, पत्रा लावला, आणि बटण दाबले.

"चालू झालं, बाबा! आणि आवाज किती कमी आहे याचा."

"तीस टक्के सूट," साहेब म्हणाले. "चल, पाचाच्या आत पाठव तुझं चित्र."

लेकीने दोनचार बटणे उगाच दाबिली, आणि पाठवलं म्हणाली. साहेबांनी घड्याळ पाहून सुस्कारा टाकिला. इतक्यात मेहुणे बिस्किटे घेऊन आले आणि मोहीम पहिल्यापासून सांगू लागले, आणि साहेबांनी त्यांस एकदाही दुरुस्त केले नाही.

मग लेकीने चित्र दाखविले. त्यात एक ठेंगणा इसम, ज्याचा उजवा अंगठा त्याच्या डोक्याहून मोठा, गावभर हिंडतो आणि दिसेल ते दाबून पाहतो. फळे दाबतो, भिंती दाबतो, ढग दाबतो, शिडी लावून चंद्रही दाबून पाहतो, आणि प्रत्येक वेळी मान हलवून बाद म्हणून पुढे जातो. शेवटी थकून एका घराशी येतो, दाराची घंटा दाबतो, आणि दार उघडते. चाळीस सेकंद संपतात.

मेहुणे म्हणाले, हा माणूस कोठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. साहेबांनी अंगठा खिशात घातला आणि पुन्हा एकदा लाव म्हणाले, आणि मग पुन्हा एकदा.

तीन आठवड्यांनी शाळेचा निरोप आला की चित्र पसंत आहे, मुलाखतीस यावे, आणि आपली सर्व कामे पेनड्राइव्हवर घालून आणावी. साहेब त्याच सायंकाळी, मेहुण्यांस न कळविता, एकटे निघाले.

किल्लेदाराने त्यांस दारात पाहताच आधी पडद्याकडे पाहिले आणि मग टोपलीकडे. साहेबांनी फळीवरून एक पेनड्राइव्हचा खोका उचलिला. सवयीने अंगठा कोपऱ्यापाशी गेला, तेथे थांबला, आणि मागे आला. मग त्यांनी खोका काचेवर ठेविला आणि छापील भावाचे पैसे पुढे सारिले. किल्लेदाराने खोक्याचे आठही कोपरे उलटून पालटून पाहिले, त्यास काही सापडेना, आणि मग त्याचाच धीर सुटून तो रडवेला जाहला.

"दहा टक्के कमी करतो की, साहेब."

"नको."

"पंधरा घ्या. जुने गिऱ्हाईक तुम्ही."

"नको म्हणतो ना!"

आणि साहेब आणखी कोणती सूट अंगावर येईल या भयाने पेनड्राइव्ह मुठीत धरून दारातील खोक्यांच्या ढिगावरून जवळजवळ उडी मारून बाहेर पडले. घामाने सदरा भिजला होता. सत्तावीस वर्षांत ऐसी कठीण लढाई त्यांनी दिली नव्हती, आणि या लढाईस साक्षीदार एक शत्रूच होता.

घरी लेकीने विचारले, "बाबा, कितीला पाडलात?"

"विचारू नकोस," साहेब म्हणाले. "दुकानदार रडकुंडीला आला होता."

हे शब्द अक्षरशः खरे होते, सबब बखरकार ते जैसेच्या तैसे नोंदवितो. येणेप्रमाणे पॉवर सप्लायची मोहीम आणि तिची पुरवणी पेनड्राइव्हची मोहीम, दोन्ही फत्ते जाहल्या. लेक शाळेत दाखल जाहली. किल्लेदाराने टोपलीवरची पाटी उतरविली. दबल्या कोपऱ्याचा खोका, आत अजून नवी पेटी, कपाटावर मानाने ठेविला आहे आणि पाहुण्यांस त्याची हकीकत आता मेहुणेच सांगतात, आणि तीही खुर्चीवर बसवून.

दुसरे दिवशी कपडे भिजविताना बाईसाहेबांस साहेबांच्या सदऱ्याच्या खिशात घामाने चुरगळलेली पावती सापडली. त्यांनी ती उलगडून छापील भाव वाचिला, तळहाताने सारखी केली, घडी घातली, आणि बटणांच्या डब्यात, लेकीच्या सोमवारच्या पावतीवर ठेवून झाकण लाविले.